‘कल्पना कुणाला सांगू नका’ असं सांगणाऱ्यांपासून सावध

आधाराची काठी टेबलाला टेकवून ठेवली की हमखास घसरून पडते, आणि ती उचलायला वाकणं नेमकं काठी वापरणाऱ्यालाच जमत नसतं. यावर मला काठी अडकवून ठेवणारा एक छोटा रबरी आकडा (हूक) सुचला होता. तो बनवून विकावा म्हणून मी ऑनलाइन शोधाशोध करत होते. ‘तुमची कल्पना आम्ही बाजारात आणू’ म्हणणाऱ्या एका कंपनीच्या फॉर्मवर नंबर टाकला आणि लगेच फोन आला. कंपनीचं नाव देत नाही. हे लोक उद्या दुसऱ्या नावाने येतील, पण पद्धत हीच असेल, म्हणून ती सविस्तर सांगते.

पहिलं मूल्यमापन फुकट होतं. बोलणारा गृहस्थ गोड, घाई अजिबात नाही. सूचना एकच: ‘मॅडम, ही कल्पना आता कोणालाही सांगू नका, घरीसुद्धा. लोक चोरतात.’ मागोमाग गोपनीयतेचा करार आला. पुढचा सगळा डोलारा या एका सूचनेवर उभा होता. ती पटते, कारण ती अर्धी खरी आहे. अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर युरोपसकट बऱ्याच ठिकाणी त्याचं नावीन्य संपतं आणि पेटंट मिळत नाही. पण तोंड पूर्ण बंद ठेवलं की आपण ना काठी वापरणाऱ्यांना विचारत, ना दुकानदाराला, ना पेटंट एजंटाला. म्हणजे त्यांचं पितळ उघडं पाडू शकेल असं कोणी आसपास उरतच नाही. त्या करारातही सगळी बंधनं माझ्यावर होती, त्यांच्यावर एकही नाही.

खरं तर उपाय न सांगताही अडचण विचारता येते. ‘काठी पडते का? मग तुम्ही काय करता? त्यासाठी कधी काही विकत आणलंय का?’ यात चोरण्यासारखं काय आहे? धंद्याची पहिली पायरी हीच आहे, आणि तीच त्यांनी गाळायला लावली.

त्याऐवजी मला पैसे घेऊन गुळगुळीत कागदावरचा जाडजूड अहवाल मिळाला. ‘असे उत्पादन बाजारात उपलब्ध नाही’ हे वाक्य ठळक अक्षरात. सोबत आकड्याचं रंगीत थ्रीडी चित्र. त्या चित्रातली काठी पेन्सिलीइतकी बारीक होती! खरी काठी त्या आकड्यात शिरलीच नसती. पुढे एका पेटंट एजंटाने माझ्यासमोर पेटंटस्कोप हा पेटंट शोधायचा ऑनलाइन संग्रह उघडून शोध घेतला, तर काठी अडकवण्याच्या साधनांची यादी खाली खाली सरकतच राहिली. पेटंटस्कोप आणि तसाच दुसरा संग्रह एस्पेसनेट, दोन्ही फुकट आहेत.

मग त्यांनी ‘वर्ल्ड पेटंट’ देऊ केलं. अशी वस्तू जगात नाही. पेटंट त्या त्या देशाचं किंवा फार तर एखाद्या प्रादेशिक कार्यालयाचं असतं. 1883 च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर इतर देशांत अर्ज करायला 12 महिने मिळतात. पीसीटीचा, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज करू देणाऱ्या पेटंट सहकार्य कराराचा, आंतरराष्ट्रीय अर्ज केला तर ही मुदत साधारण 30 महिन्यांपर्यंत लांबते, पण शेवटी प्रत्येक ठिकाणची फी आणि तपासणी वेगळी ती वेगळीच. मला ‘अभिनंदन, पेटंट झालं!’ म्हणून जी पावती पाठवली, ती प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या अर्जाची होती. त्या अर्जाची तपासणी होत नाही, आणि 12 महिन्यांत पूर्ण अर्ज केला नाही तर तो आपोआप बाद होतो. माझा झालाच.

मुदत संपत आली तेव्हा त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट गुंतवणूकदारांशी भेट ठरवायची म्हणून ‘पडताळणी शुल्क’ मागितलं. पैसे गुंतवणारा माणूस आपल्याकडूनच आधी पैसे का मागेल? मी एवढं विचारलं आणि फोन उचलणं बंद झालं. माझ्यासाठी बनवलेल्या वेबसाइटचं डोमेनही (म्हणजे तिचा पत्ता) त्यांच्याच नावावर निघालं.

जाता जाता आणखी एक. पीसीटीचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि अर्जदाराचं नाव-पत्ता उघड होतो. मग सरकारी वाटणारी नोंदणीची बिलं येऊ लागतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने, म्हणजे वायपोने, अशा बिलांचे नमुनेच आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. एजंटाला दाखवल्याशिवाय एकही बिल भरू नका.

अमेरिकेत 1999 च्या कायद्याने अशा कंपन्यांना करार करण्याआधी काही गोष्टी लेखी सांगाव्या लागतात: मागच्या पाच वर्षांत किती कल्पना तपासल्या, त्यांतल्या किती नाकारल्या, आणि किती ग्राहकांना भरलेल्या पैशांपेक्षा जास्त कमाई झाली. तुम्ही कुठेही असा, पहिला पैसा देण्याआधी हेच तीन प्रश्न ईमेलने विचारा. फोनवर दिलेलं उत्तर धरू नका.