टोल्युईनचा ड्रम: आडवा करून तोटी की उभा ठेवून हातपंप?

छपाई, पॉलिश, रंग यातलं काहीही करणाऱ्या लहान युनिटला टोल्युईन, म्हणजे रंग-शाई पातळ करायचं झटकन पेटणारं द्रव, ड्रममधून डब्यात कसं काढायचं हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आमच्या गाळ्यात दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. परवाना, फ्लेमप्रूफ दिवे, अग्निशामक सिलिंडर हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून लिहितो.

तोटीची बाजू तशी भक्कम आहे. 200 लिटरचा ड्रम लोखंडी घोडीवर आडवा टाकला, पितळी तोटी बसवली की काम झालं. फिरणारा भाग नाही, हाताला श्रम नाहीत, आणि ड्रम जवळपास पूर्ण रिकामा होतो. हातपंपाचं तसं नाही. तळाशी थोडा माल उरतोच, डबे भरून खांदा भरून येतो, ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं सील) सैल झाली की पाझर सुरू होतो, आणि ड्रम बदलताना ओला पाइप बाहेर काढावा लागतो.

तरीही मी पंपाकडे वळलो, ते बाइंडिंग तारेच्या एका तुकड्यामुळे. आमची तोटी स्प्रिंगची होती, हात काढला की आपोआप बंद होणारी. पण 20 लिटरचा डबा भरेपर्यंत दांडी दाबून उभं राहायचा कंटाळा येतो, म्हणून कामगार ती तारेनं बांधून ठेवायचे. समजावून सांगितलं, तार काढून टाकली, तरी दुसऱ्या पाळीत नवी तार हजर. माणूस मशीनकडे वळला की डबा ओसंडणार हे ठरलेलं. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट 4 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे पुण्यात जानेवारीच्या पहाटेही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड, त्यामुळे ती वर विरून न जाता जमिनीलगत पसरते आणि लांबच्या मोटरपर्यंत किंवा स्विचपर्यंत पोचू शकते. त्यात साध्या रबराचा वॉशर टोल्युईनमध्ये फुगतो, मग तोटी नीट मिटत नाही.

पंपाला तार बांधून काही उपयोग नाही. हात थांबला की धार थांबते. लांब होज लावून डबा खाली ठेवला तर सायफन, म्हणजे उंचीच्या फरकानं आपोआप वाहणारी धार, मात्र चालू राहू शकतो, म्हणून सायफन तोडणारा व्हॉल्व्ह असलेलाच पंप घ्यावा.

स्थिर विजेचा धोका दोन्हीकडे आहे. टोल्युईन विजेचं फार वाईट वाहक. वाहताना तयार झालेला भार त्यात टिकून राहतो, आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ठिणगीची भीती आणखी वाढते. म्हणून ड्रम आणि डबा तारेनं एकमेकांना जोडायचे, ड्रमला अर्थिंग द्यायचं. क्लिप रंगावर नुसती चिमटून भागत नाही. दात रंग फोडून पत्र्यापर्यंत गेले पाहिजेत, नाहीतर तेवढी जागा खरवडून घ्यावी. बूच उघडण्याआधी क्लिप लावायची, सगळं बंद झाल्यावरच काढायची. प्लास्टिकची बादली इथे चालत नाही. तिच्या लोखंडी कडीला क्लिप लावली तरी प्लास्टिकवरचा भार जमिनीत जात नाही. या बाबतीतही मला पंपच बरा वाटतो. त्याचा होज डब्याच्या तळापर्यंत सोडता येतो, तर तोटीतून माल उंचावरून पडून उसळतो, आणि उसळण्यानं भार वाढतो.

सगळ्यांनी पंपच घ्यावा असं मी म्हणणार नाही. घट्ट व्हार्निश असेल तर पंप फिरवता फिरवता जीव जाईल. सॉल्व्हंट काढण्याचं काम एकाच जबाबदार माणसाकडे असेल तर तोटीही नीट चालू शकते. तेव्हा वॉशर टेफ्लॉनचा घ्या, खाली धातूचा ट्रे ठेवा, वरच्या तोंडाला ज्वाला अडवणाऱ्या जाळीचा व्हेंट बसवा, आणि दांडीवर तार दिसते का ते प्रत्येक पाळीत पाहा. पण पाळ्या बदलत असतील, डबा कोणीही येऊन भरत असेल, तर माझा कौल हातपंपाला. दुकानदार स्वस्तातला प्लास्टिकचा पंप पुढे करेल, तो टोल्युईनसाठी नको. बॉडी आणि पाइप धातूचे, होज वीज वाहून नेणारा, आणि सील टोल्युईनला टिकणारं आहे हे विचारून मगच पैसे द्या.