पूरग्रस्तांना काय पाठवावं: सामान की पैसे?

पूर आला की सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न निघतोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरलं तेव्हा मी मदतीच्या कामात होतो. २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणलाही गेलो. जे पाहिलं त्यावरून लिहितोय. दुसऱ्या कुणाला वेगळं दिसलं असेल.

पाणी चढलेलं असताना सामानाला पर्याय नाही. दुकानं बंद, एटीएम बंद. पैसे घेऊन करायचं काय? पिण्याचं पाणी, चुरमुरे, बिस्किटं, मेणबत्त्या, औषधं हेच लागतं. पण ते शेजारच्या गावांतून येतं. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता, लांबचे ट्रक वाटेतच अडकले. पुण्या-मुंबईची मदत पोचते ती बहुधा पाणी ओसरल्यावर, आणि तोवर गरज बदललेली असते.

माझा कल पैशांकडे झुकला तो जुन्या कपड्यांमुळे. एका गावच्या शाळेत वर्गखोल्या गाठोड्यांनी भरल्या होत्या. फाटके स्वेटर, एकेकटे बूट, लग्नातल्या शेरवान्या. शाळा सुरू करायची तर आधी हे निवडायला माणसं हवीत, आणि गावातली धडधाकट माणसं घराघरांतला गाळ उपसत होती. बायका विचारत होत्या, खराटा आहे का, फिनेल आहे का, आतले नवे कपडे, पॅड आहेत का? म्हातारे वैरणीचं विचारत होते. त्या ढिगात यातलं काहीच नव्हतं. शिवाय आठवड्यापूर्वी स्वतःचा ऊस उभा असलेल्या माणसाने कुणाचा तरी मळका शर्ट रांगेत उभं राहून घ्यायचा, हे मला बघवलं नाही. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही मानतो. तरी त्या गावाचं काम वाढलं ते वाढलंच.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही असेच ढीग रस्त्याकडेला पडले होते. ‘गूंज’ या संस्थेने ते उचलून कामी लावले. म्हणजे जुना कपडा वाया जातोच असं नाही. पण त्यासाठी निवडणारी, धुणारी, शिवणारी यंत्रणा लागते. ती पूर आलेल्या गावात कुठून असणार?

पैशांवरचा आक्षेप ठरलेला: पोचतील का, आणि नीट खर्च होतील का? पहिली शंका रास्त आहे, म्हणून पावती आणि हिशेब देणारी, त्या भागात आधीपासून काम करणारी संस्था शोधावी. दुसरी मला पटत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवून घरं बांधून दिली गेली; पण बाकीच्या हजाराहून अधिक गावांत टप्प्याटप्प्याने मदत मिळाली आणि दुरुस्ती घरमालकांनी स्वतः करवून घेतली. गुजरातनेही २००१ च्या भूकंपानंतर बहुतांश घरांसाठी हीच वाट धरली. आपल्या घराला आधी काय हवं हे त्या घरातल्या माणसाला कळतं. शिवाय पैसे तिथल्याच बाजारात खर्च झाले तर ज्याचं दुकान बुडालं तो किराणावालाही उभा राहतो.

तरीही सामानच द्यायचं असेल तर आधी गावात कुणाला तरी फोन करून यादी घ्या. नवंच द्या, एका खोक्यात एकच वस्तू भरा आणि आत काय आहे ते वर मराठीत ठळक लिहा. उतरवून घेणाऱ्याची रात्र वाचते.