३१६ च्या नावाखाली २०२: जहाजाच्या लॉकरच्या ऑर्डरमधली फसवणूक

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपला एका एजंटाने गंडवलं, त्याची पद्धत सांगतो. मिरज, पलूस, सातारा, कुठेही फॅब्रिकेशन करत असाल तर तुमच्याही दारात असा माणूस येऊ शकतो.

काम होतं टगच्या (मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीच्या) डेकवर रंग आणि थिनर ठेवायच्या लॉकरचं. ड्रॉइंग व्यवस्थित, परचेस ऑर्डरही हातात. अट एकच: प्लेट, इन्सुलेशन, दिवा, आग विझवायचा सिलिंडर हा सगळा ‘क्लास अप्रूव्ह्ड’ (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेला) माल तो सांगेल त्याच सप्लायरकडून घ्यायचा, निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले गाडी सुटण्याआधी. माल आला, लॉकर उभा राहिला, सर्व्हेयरने नापास केला. तोवर एजंट आणि सप्लायर दोघांचेही फोन बंद. ऑर्डर ही नुसती आमिष होती, धंदा माल खपवण्याचा होता.

३१६ आणि २०२ हे स्टेनलेस स्टीलचे ग्रेड. प्लेटवर स्टिकर ३१६ एलचं (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार), माल २०२ चा. लोहचुंबक इथे कामाचं नाही, कारण दोन्ही चिकटत नाहीत. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत प्लेटला बारीक भोकं पडू नयेत म्हणून. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज साडेसात ते दहा टक्के घातलेलं असतं. समुद्रावर ती प्लेट लवकरच तांबूस पडू लागते. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टील ज्या घाणीतून ओतलं तिचा क्रमांक) प्लेटवर पंच किंवा छापलेला असलाच पाहिजे. आमच्या प्लेटवर तो घासून काढलेला होता. फाउंड्र्यांमुळे आपल्या भागात स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे त्याची तपासणी) करून देणाऱ्या लॅब जवळच आहेत. कटिंगआधी एक तुकडा तिथे टाका.

इन्सुलेशनची फसवणूक जास्त घातक, कारण पत्र्याआड गेल्यावर ते कोणाला दिसत नाही. लॉकरच्या भिंतीला ए-६० हा अग्निरोधक दर्जा हवा होता, म्हणजे एका बाजूला आग असताना ६० मिनिटं दुसऱ्या बाजूचं सरासरी तापमान १४० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. मंजुरीच्या कागदात घनमीटरला १०० किलो घनतेची रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) होती. एक मीटर बाय ६०० मिमी, ५० मिमी जाडीची अशी स्लॅब ३ किलो भरायला हवी. आलेली दीड किलोच्या आत! साधा वजनकाटा पुरतो. शिवाय एक तुकडा गॅसच्या टॉर्चखाली धरा: ग्लासवूल (काचेची लोकर) वितळून गोळा होते, रॉकवूल आकार सोडत नाही. सर्टिफिकेट मात्र अस्सल होतं, फक्त दुसऱ्याच मालाचं. ते पीडीएफ कोणीही पाठवू शकतो. त्यावरच्या उत्पादकाला स्वतः फोन करून बॅच नंबर विचारा.

दिव्यावर एक्स-डी, आयआयबी, टी३ (ज्वालाग्राही वाफेच्या जागी चालणाऱ्या फ्लेमप्रूफ दिव्याच्या खुणा) असं चिकटवलेलं. आत साधी रबरी गॅस्केट. खऱ्या फ्लेमप्रूफ दिव्याला मशीन केलेला रुंद धातूचा सांधा असतो. आत स्फोट झालाच तर ज्वाला त्या फटीतून बाहेर येईपर्यंत थंड होते. रबर पाणी अडवतं, ज्वाला नाही.

सिलिंडर तेवढा खरा होता, पण लहान. चार चौरस मीटरपेक्षा कमी जागेच्या आणि राहण्याच्या खोल्यांकडे दार नसलेल्या लॉकरला सोलास नियमांत (जहाजांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम) हाताने उचलायचा सीओटू सिलिंडर चालतो. तो आत न शिरता भोकातून मारता आला पाहिजे आणि त्याचा वायू लॉकरच्या घनफळाच्या ४० टक्के भरला पाहिजे. आमचा लॉकर २ × १.८ × २.२ मीटर, म्हणजे ७.९२ घनमीटर. त्याचे ४० टक्के ३.१७. एक किलो सीओटूचा ०.५६ घनमीटर वायू होतो, म्हणजे ५.७ किलो हवा. दिलेला साडेचारचा.

अ‍ॅडव्हान्सआधी जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. त्यातलं सहावं अक्षर पॅनचं चौथं असतं: कंपनीला सी, एकट्या मालकाला पी. आमच्या कोटेशनवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात पी. एवढ्यावरच बाहेरची वाट दाखवता येते.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. नापास प्लेट रागाने भंगारात घालू नका. स्टिकरसकट एक तुकडा, वजनाचे फोटो, ई-वे बिल आणि सर्व्हेयरचा शेरा तक्रारीला जोडायला लागतात.