खापरपणजोबांची खाण आणि आमचे साडेनऊशे पौंड

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे माझ्या माहेरच्या वह्या आहेत. गाव-आडनाव सांगितलं की गुरुजी पानं उलटून पणजोबांची सही दाखवतात. त्यामुळेच बहुधा, इंग्लंडमध्येही वंशावळ कुणा जाणकाराकडूनच काढून घ्यायची असते असं मी धरून चालले.

माझ्या सासूबाई यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या. त्यांचे खापरपणजोबा जवळच्याच साउथोरम गावात ‘दगडात होते’, असं घरात सगळे म्हणायचे. दगडात म्हणजे खाणमालक, हे कधी ठरलं कुणास ठाऊक. ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांना ही हकीकत बांधून द्यावी, म्हणून मी फेसबुकवर एक ‘वंशसंशोधक’ गाठला. बोलायला लाघवी, कधी घाई करायचा नाही.

पहिले १८० पौंड भरले आणि आठ दिवसांत १८४१ च्या जनगणनेची टाइप केलेली नक्कल आली: वय २३, कुटुंबप्रमुख, जन्म साउथोरम, खाणमालक, हाताखाली ६० माणसं. सोबत रंगीत कुलचिन्ह. सासूबाईंनी ते चॅपलमधल्या सगळ्या मैत्रिणींना दाखवलं. मग ३२० पौंडांत खाणीच्या खरेदीखताचा फोटो आला. त्यानंतर आली खरी बातमी: खाणीचा तुकडा रेल्वेने घेतला होता, त्याची भरपाई अजून बेवारस पडून आहे, दाव्याच्या फायलीचे फक्त ४५०. नवऱ्याने तेही भरले.

भांडं फुटलं ते सासूबाईंच्या हट्टामुळे. त्यांना मूळ खरेदीखत हातात घेऊन बघायचं होतं. वेस्ट रायडिंगमधले, म्हणजे हॅलिफॅक्ससकट यॉर्कशरच्या पश्चिम भागातले, जमिनीचे व्यवहार १७०४ पासून १९७० पर्यंत वेकफील्डला नोंदवले जात. ती बाडं तिथल्या अभिलेखागारात आहेत आणि प्रत्येक नोंदीला खंड, पान, क्रमांक असतो. आमच्या फोटोवरचा क्रमांक काढला तर निघालं शेफील्डमधलं कुणाचं तरी घर.

काउंटरवरच्या बाईंनी मग जनगणनेची नक्कल मागितली. वाचून काही बोलल्या नाहीत, फक्त १८४१ चं एक खरं पान समोर ठेवलं. त्यात नात्याचा रकानाच नाही! जन्मगावही नाही, याच परगण्यात जन्मला का, एवढंच. मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली, म्हणजे तेविशीचा माणूस वीस. नातं आणि गाव १८५१ पासून आलं, आणि मालकांनी माणसं किती ठेवली ते सांगायचं, हेही तेव्हाच. वर त्या संशोधकाने अभिलेखागाराचा संदर्भ-क्रमांक दिला होता आरजी ९. तो १८६१ चा. १८४१ आणि १८५१ दोन्ही एचओ १०७ मध्ये. चोराने अभ्याससुद्धा धड केला नव्हता, आणि आम्ही त्याहून कमी.

खरे खापरपणजोबा १८५१ मध्ये सापडले. धंदा: डेल्व्हर. हॅलिफॅक्सकडे खाणीला डेल्फ म्हणतात, आणि त्यात दगड फोडणारा तो डेल्व्हर. खाणमालक होता तो त्याच गावातला, त्याच नावाचा दुसराच माणूस. त्या खोऱ्यात काही आडनावं आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखी. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही.

कुलचिन्हही आमचं नव्हतं. इंग्लंडमध्ये ते आडनावाला मिळत नाही, विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. १४८४ पासूनची कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था ते देते. बेवारस मालमत्तांची सरकारी यादी तेव्हा कुणालाही फुकट बघता यायची, आणि मालकाच्या मृत्यूला ३० वर्षं उलटली की दावा चालत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या भरपाईची फाईल कसली डोंबलाची! खाणमालक शोधायचा तर भागीदारी मोडल्याच्या आणि दिवाळखोरीच्या सूचना लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात घरबसल्या, फुकट शोधता येतात. मालक असता तर मृत्युपत्र असण्याची शक्यता होती. १८५८ नंतरची एका सरकारी सूचीत आहेत, आणि प्रत तेव्हा दीड पौंडाला मिळायची. मी हे काहीच पाहिलं नव्हतं.

शेवटचे ४५० क्रेडिट कार्डावर होते, म्हणून परत मिळाले. शंभर पौंडांवरच्या खरेदीला इथे कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार असते. आधीचे ५०० मी बँकेतून थेट पाठवले होते, ते गेले. पोलिसांकडे तक्रार केली, क्रमांक मिळाला.

सासूबाईंनी कुलचिन्ह भिंतीवरून काढलं, पण चॅपलमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही. परवा साउथोरमच्या रस्त्याने जाताना गाडी थांबवायला लावली, उतरल्या आणि पायवाटेच्या फरशीवर काठी टेकून म्हणाल्या, “ही त्यांनी फोडलेली असेल का गं?”