‘फौजी प्लॉट’ घेण्याआधी सातबाऱ्याचा उजवा रकाना वाचा

फौजेतून सुटणाऱ्या माणसाच्या हातात आयुष्यात एकदाच गठ्ठ्याने पैसा येतो. ग्रॅच्युइटी, फंड, एजीआय म्हणजे फौजेचा सामूहिक विमा, शिल्लक रजेचा पगार, आणि पेन्शनचा भाग विकला तर त्याची रक्कम. अर्धी पेन्शन विकता येते आणि ती पूर्ववत व्हायला 15 वर्षं लागतात. रँक आणि नोकरीची वर्षं माहीत असली की हा आकडा कुणालाही काढता येतो. ज्याने आम्हाला प्लॉट विकला त्याने तो आमच्याच ओट्यावर बसून, वहीच्या पानावर काढून दाखवला होता. फारसा चुकला नव्हता.

माझे मिस्टर सिग्नल्समध्ये हवालदार होते. 24 वर्षं आणि वर दोन वर्षांचं एक्स्टेंशन करून ते 2024 च्या सुरुवातीला घरी आले. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या बाजूला. गावात वाडा आहे, पण त्यात दोन दिरांचे संसार. सासरे म्हणायचे, वरचा मजला काढू, इथंच राहा. पण पोरगी अकरावीत, पोरगा आठवीत, आणि दोघंही शिकलेली केंद्रीय विद्यालयात. मिस्टरांना साखर आहे, महिन्याच्या गोळ्या ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून घ्यायच्या. पुणे आमच्या पैशात बसत नव्हतं. मग छत्रपती संभाजीनगर ठरलं. छावणीत पॉलिक्लिनिक, कॅन्टीन, घाटीसारखं मोठं सरकारी हॉस्पिटल, पोरांना कॉलेज. रिटायर होणारे मराठवाड्यातले निम्मे फौजी याच हिशेबाने तिकडे सरकतात. प्लॉट विकणाऱ्यांनाही हा हिशेब पाठ असतो.

तो एजंट आम्हाला कॅन्टीनच्या रांगेत भेटला. “जय हिंद साहेब, कुठलं युनिट?” अशी सुरुवात. लोक म्हणतात असे लोक तोतया फौजी असतात. हा तोतया नव्हता. 17 वर्षं नोकरी केलेला, ओळखपत्र खरं, डिस्चार्ज बुक खरं. मिस्टरांनी दोन-तीन जुन्या पोस्टिंगची नावं काढून पाहिली, सगळी बरोबर निघाली. म्हणून सांगते, समोरचा खरंच फौजी आहे का हे तपासून जमिनीबद्दल काहीच कळत नाही. आमच्या बाबतीत तर त्या तपासणीने उलटंच झालं. माणूस खरा निघाला म्हणून कागदही खरे धरले गेले.

साईट पैठण रस्त्याला, बिडकीनच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. फक्त माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी राखीव, असा मोठा बोर्ड. मुरूम टाकून रस्ते आखलेले, चुन्याच्या रेघा, कोपऱ्यावर झेंड्याचा खांब आणि ‘शहीद स्मारकाची जागा’. 1500 चौरस फुटाचा प्लॉट, 1100 रुपये फूट. त्याने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहराचं क्षेत्र होतंय हे खरं. समृद्धी महामार्ग शहराला लागून गेलाय हे खरं. जायकवाडीहून शहराला पाणी आणणारी मोठी पाइपलाइन पैठण रस्त्यानेच जाते, हेही खरं. फक्त रस्त्याच्या कडेने पाइपलाइन जाते म्हणून आपल्या नळाला पाणी येत नाही. ज्या शहरात कित्येक वस्त्यांना आठवड्याने नळ येतो आणि बाकी दिवस टँकर, तिथे पाण्याचं नाव काढलं की बायका विरघळतात. माझ्याशी तो पाण्याचंच बोलला. मिस्टरांशी जमिनीच्या दराचं.

एनएबद्दल, म्हणजे बिगरशेती परवानगीबद्दल विचारलं तर म्हणाला, फाइल कलेक्टर ऑफिसला आहे, ऑर्डर आली की रजिस्ट्री. ब्रोशरवर ‘रेरा प्रस्तावित’ छापलेलं. हे दोन शब्द कुठंही दिसले तर ब्रोशर तिथंच ठेवून उठा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेराची, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी होण्याआधी जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, असा 2016 चा कायदा आहे. नोंदणी असली तरी नोंदवलेला करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ऑगस्ट 2023 पासून नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो. आमच्या ब्रोशरवर फक्त तिरंगा होता.

सौदा शंभराच्या बाँडवर झाला, नोटरी करून. साडेचार लाख आधी, त्यातले तीन चेकने आणि दीड रोख. रोखीची पावती मागितली तर म्हणाला, वहिनी, आपल्या आपल्यात पावती काय मागता, बाँडवर पूर्ण रक्कम टाकतो ना. टाकली मात्र चेकचीच. आता माहीत झालंय की जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यापेक्षा जास्त आगाऊ रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होतो. रोख मागणाऱ्याला एवढं वाक्य ऐकवून बघा. खरा मालक असेल तर तो चेकला तयार होतो.

2024 च्या जुलैअखेरीस टोयोटाने संभाजीनगरला कारखाना काढायला सरकारशी करार केल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. “वहिनी, उद्यापासून दोन हजार फूट. तुमचा भाव मी धरून ठेवलाय, पण मागचे लोक दबाव टाकायलेत.” आणखी साडेचार लाख गेले. या वेळी मिस्टरांनी सगळे आरटीजीएसने पाठवले, आणि पुढे पोलीस ठाण्यात पुरावा म्हणून तीच रक्कम आधी धरली गेली.

फुटलं ते बँकेत. घर बांधायला थोडं कर्ज घ्यावं म्हणून पेन्शन येते त्याच बँकेत फाइल दिली. एजंट याला पहिल्यापासून विरोध करत होता, “फौजीला कर्जाची काय गरज साहेब, स्वाभिमानाने बांधा.” बँकेच्या वकिलांनी बाँड बाजूला सारला. म्हणाले, बाई, ही खरेदी नाही, हा नुसता कागद आहे. स्थावर मालमत्ता खरेदीखत नोंदवल्याशिवाय नावावर होत नाही, मुखत्यारपत्रावर तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच ते स्पष्ट केलंय. मग सातबारा मागितला. आमच्या फाइलमधली झेरॉक्स पाहून त्यांनी विचारलं, ही वरची ओळ शिक्क्याखाली का आहे?

तिथंच बसून मी मोबाइलवर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. झेरॉक्सवर प्रोजेक्टच्या गोल शिक्क्याने झाकलेल्या ओळीत होतं: भूधारणा पद्धती, भोगवटादार वर्ग-2. उजवीकडे इतर हक्काच्या रकान्यात मदतमाश इनाम, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी. आमच्या झेरॉक्सवर तो रकाना इतका फिका काढला होता की रिकामाच वाटे.

मराठवाड्याबाहेरून आलेल्यांना हे कळत नाही, आणि 24 वर्षं बाहेर काढलेला इथला माणूसही याबाबतीत बाहेरचाच असतो. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा उदरनिर्वाहासाठी दिलेल्या जमिनी मदतमाश, देवस्थान-मशिदीच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश. इनामं रद्द करण्याचा कायदा 1954 चा. त्यातल्या कितीतरी जमिनी आजही वर्ग-2 आहेत आणि विकायला परवानगी लागते, सरकारला नजराणा म्हणून रक्कम भरावी लागते. खिदमतमाशचं तर त्याहून कडक. शिवाय गायरान, वक्फच्या जमिनी, आणि कूळकायद्याच्या कलम 38-ई खाली कुळांच्या नावे झालेल्या जमिनी. रस्त्यावरून बघताना या साऱ्या सारख्याच काळ्या दिसतात. जुनं पाहायचं असेल तर 1954 चं खासरा पत्रक तहसीलला मागता येतं. इनाम असेल तर बहुधा तिथं दिसतंच. आजचा सातबारा कोरा वाटला तरी हे एकदा पाहावं, कारण शेरा ‘चुकून’ उडालेली उदाहरणं आम्हाला वकिलांनीच दाखवली.

एजंटला फोन केला तर तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, अहो सरकारने याच वर्षी मदतमाशचा नजराणा कमी केलाय, आता सगळं वर्ग-1, म्हणजे विकायला मोकळं होणार. हेही खरंच होतं! नजराणा कमी करण्याचा निर्णय 2024 मध्ये झालाय. पण त्याचा फायदा सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला, आणि तो शेतकरी तर वेगळाच. आम्ही त्याच्या शेतातल्या आखाड्यावर गेलो. म्हातारा माणूस, चहा पाजला. एजंट ज्याच्यासाठी प्लॉट विकत होता त्या विकासकाकडून त्याला पहिला इसार तेवढा मिळालेला, मुदत संपून गेलेली, पुढचे पैसे नाहीत. “माझ्या रानात खुट्या ठोकल्या, पेरू देईनात, अन् पैसेबी देईनात,” म्हणाला. तिथंच कळलं की आमच्या नंबरचा प्लॉट जालन्याच्या एका रिटायर्ड नायकालाही दिलेला आहे.

मिस्टर गप्प झाले ते काही दिवस गप्पच राहिले. मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावत बसले. नवरा सीमेवर असताना शाळेचे फॉर्म, गॅसचं कार्ड, दिरांबरोबरची वाटणी असलं सगळं फौजीच्या बायकोने एकटीने केलेलं असतं. कागदाची भीती तिला नसते. पण सौद्याच्या वेळी एजंट दोघांशी वेगवेगळं बोलला होता, कधी एकत्र नाही. हे लक्षात ठेवा. कुणी तुमच्या नवऱ्याशी मेसच्या गोष्टी आणि तुमच्याशी पोरांच्या शाळेच्या गोष्टी अलग अलग करत असेल, तर दोघांनी एका जागी बसून त्याला तेच प्रश्न पुन्हा विचारा.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. एकट्याने गेलं की हेच मिळतं. मग फसलेली कुटुंबं शोधली. काही बीडची, काही हिंगोलीची, एक वीरपत्नी लातूरची. सगळ्यांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी अर्ज दिला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊनही अर्ज दिला, त्यांनी तो पुढे पाठवला. 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता लागू झाली. काही पैसे त्याआधी दिलेले, काही नंतर, म्हणून फसवणुकीचं जुनं कलम 420 लावायचं की न्याय संहितेचं 318, यावर आणखी वेळ गेला. शेवटी गुन्हा दाखल झाला.

दरम्यान एजंटने दोन लाखांचा चेक दिला, तक्रार मागे घ्या म्हणून. तो वटला नाही. असा चेक परत आला तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. त्यानंतर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. लातूरच्या त्या ताईंना तो ‘पुन्हा टाका, या वेळी पास होईल’ म्हणत राहिला आणि त्यांची मुदत गेली. माझा खरा राग या माणसावर आहे. विकासक तर पैशासाठीच बसलेला. पण याने वीरपत्नीला ‘ताई’ म्हणत कमिशन खाल्लं, आणि आजही तो माजी सैनिकांच्या ग्रुपवर पंधरा ऑगस्टच्या शुभेच्छा टाकतो. ग्रुपचा अ‍ॅडमिन त्याला काढत नाही, कारण पुरावा सिद्ध झालेला नाही म्हणे.

महारेराकडे नोंदणी नसलेला प्रकल्प म्हणून आम्ही वेगळी तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. वकिलांचा अंदाज असा की आरटीजीएस आणि चेकचे मिळायची आशा आहे, रोखीचे दीड लाख विसरा.

जे आत्ता सुटणार आहेत त्यांना एकच व्यवहारी गोष्ट सुचवते, कारण आम्हाला ती फार उशिरा सुचली. सुटल्यावर पहिलं वर्ष भाड्याने राहा. पेन्शनमधून भाडं निघतं. पैसा बँकेत ठेवा आणि नातेवाइकांना सांगा की तो पाच वर्षांसाठी अडकवलाय. क्वार्टर सोडायची तारीख जवळ आली की घर घ्यायची घाई होते, आणि हे लोक नेमके त्या दोन-तीन महिन्यांत भेटतात. प्लॉट आवडला तर गरज नसली तरी कर्जाची फाइल बँकेत द्या. बँक आपला पैसा बुडू नये म्हणून जेवढे कागद तपासते तेवढे कुणी मैत्रीत तपासत नाही. ले-आऊट मंजूर आहे का हे मंजुरी देणाऱ्या कार्यालयात जाऊन विचारा, नकाशावरचा शिक्का पाहून नाही. आणि दहा जणांच्या नावे एकच सामाईक खरेदीखत करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. सातबाऱ्यावर नाव चढतं, पण त्यातला तुमचा तुकडा कुठला, हे कुणालाच दाखवता येत नाही.

आम्ही सध्या पडेगावकडे भाड्याने राहतो. छावणी जवळ आहे, पाणी टँकरचंच. जवळच एक जुनं दोन खोल्यांचं घर बघितलंय, गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं पण नंतर नियमित झालेलं. वकिलांनी मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल मागवलाय आणि नियमितीकरणाचं प्रमाणपत्र महापालिकेत पडताळायला दिलंय. ते हातात येईपर्यंत इसार देणार नाही, असं मालकाला सांगितलं. तो म्हणाला, बघा सावकाश, मला घाई नाही.