जुना कन्सोल कापून हँडहेल्ड करायचाय? एन६४, वी, पीएस वन की सरळ इम्युलेटर

टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या गेम कन्सोलचा बॅटरीवर चालणारा हँडहेल्ड करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी आवडता गेम ठरवतात आणि मग त्या गेमचा कन्सोल उघडून बसतात. माझं म्हणणं आहे की आधी आतला सर्किट बोर्ड बघा, गेम नंतर. गेमचा डेटा बोर्डपर्यंत कसा पोचणार, बोर्डला किती वेगवेगळे व्होल्टेज लागतात आणि एखादी लाइन तुटली तर ती शोधून जोडता येईल का, या तीन गोष्टींवरच काम तडीस जाणार की अर्धवट पडणार ते ठरतं.

आणि हे फक्त हौशी लोकांचं दुखणं नाहीये. सेगाने १९९५ मध्ये नोमॅड काढला, म्हणजे घरातल्या जेनेसिसच्याच कार्ट्रिज चालवणारा हँडहेल्ड, कंपनीने स्वतः डिझाइन केलेला, तरी त्याला ६ पेन्सिल सेल लागायचे आणि ते दोन-तीन तासांत संपायचे. आज लिथियम सेलमुळे परिस्थिती बरीच सुधारलीय, पण वीज, उष्णता आणि जागा यांची भांडणं तीच आहेत.

पहिला पर्याय एन६४, म्हणजे निंटेंडो ६४. १९९६ चा कन्सोल, डिस्क नाही, मोटर नाही, लेझर नाही, त्यामुळे बघताक्षणी सोपा वाटतो. अडॅप्टरमधून ३.३ आणि १२ असे दोनच व्होल्टेज येतात, आउटपुट कंपोझिट किंवा एस-व्हिडिओ, म्हणजे गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी मिळते तसली साधी ५ इंची स्क्रीनसुद्धा चालून जाते, आणि बरेचसे गेम २४०पी मध्येच, म्हणजे २४० ओळींच्या चित्रातच असल्यामुळे छोट्या स्क्रीनवर चित्र वाईट दिसत नाही. बोर्ड न कापता जाडजूड का होईना पण चालणारा हँडहेल्ड बनतो, हे मला त्याचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. अडचण सुरू होते कार्ट्रिजच्या स्लॉटपासून. त्याला ५० पिना. स्लॉट मागच्या बाजूला वळवायचा तर तेवढ्या बारीक वायरी एकेक करून सोल्डर करायच्या आणि एक जरी चुकली तरी स्क्रीन काळीच राहते. दुसरं म्हणजे मेमरी. जंपर पॅक (जादा मेमरी नसलेला साधा तुकडा) किंवा एक्सपान्शन पॅक (जादा मेमरीवाला) दोन्हीपैकी काहीच बसवलं नाही तर कन्सोल चालूच होत नाही, आणि मेजोराज मास्क, डाँकी काँग ६४ सारख्या गेमना एक्सपान्शन पॅकच लागतो. तो उंच असल्यामुळे आडवा घालायचा मोह होतो, पण ती मेमरी रॅमबस कंपनीच्या पद्धतीची, वेगवान सिग्नलवाली, लांब वायरी तिला अजिबात सोसत नाहीत.

आता निंटेंडोचाच वी. हा माझा कौल आहे, आधीच सांगून टाकतो. २००६ चा कन्सोल, त्यातल्या गेमक्यूबचे (वीच्या आधीच्या कन्सोलचे) पोर्ट असलेल्या सुरुवातीच्या मॉडेलवर गेमक्यूबचे गेम इम्युलेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने कन्सोलची नक्कल, न करता खऱ्या हार्डवेअरवर चालतात, कॉम्पोनंट आउटपुटवर ४८०पी मिळतं, आणि मुख्य म्हणजे मॉडचिप (कन्सोलचं लॉक उघडणारी जादा चिप) न लावता, फक्त सॉफ्टवेअर मॉड करून तुमच्याकडच्या डिस्कचे बॅकअप यूएसबीवरून लोड होतात. डिस्क ड्राइव्हच काढून टाकता येतो म्हटल्यावर अर्धी जागा, आवाज आणि बरीच वीज एका फटक्यात वाचली. म्हणूनच ड्राइव्ह मेलेला, बाकी ठणठणीत असलेला वी शोधा. चांगला चालणारा, सगळ्या पार्टसकट असलेला जुना कन्सोल कापू नका, अशा मशीन आता नव्याने बनत नाहीत आणि कापलेला बोर्ड परत जोडता येत नाही.

वीचं खरं काम म्हणजे ट्रिमिंग. मदरबोर्डच्या मधल्या भागात प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, मेमरी असं जे महत्त्वाचं आहे तेवढं ठेवून बाकीचा बोर्ड कापून टाकायचा, आणि व्होल्टेज बनवणारे मूळ रेग्युलेटर गेल्यामुळे १, १.१५, १.८ आणि ३.३ असे चार व्होल्टेज आपण वेगळ्या छोट्या बोर्डवरून द्यायचे. ऐकायला भयंकर वाटतं, पण या एका बोर्डावर जगभरच्या लोकांनी इतकं काम करून ठेवलंय की कुठून कापायचं, कुठली चिप उचलून दुसरीकडे न्यायची, कुठली वायर कुठे लावायची याचे नकाशे तयार मिळतात. एन६४ साठीही माहिती आहे, पण इतकी खोल नाही.

फक्त क्रम चुकवू नका. आधी कन्सोल अखंड असताना सॉफ्टवेअरचं सगळं उरकून घ्यायचं, प्रायलोडर (चालू होताना काय उघडायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम) टाकायचा, बूटमी या प्रोग्रॅमने नँडचा, म्हणजे वीच्या आतल्या स्टोरेजचा, बॅकअप घेऊन दोन ठिकाणी ठेवायचा, चालू केल्यावर थेट यूएसबी लोडर उघडेल असं सेट करायचं, आणि ब्लूटूथ मॉड्यूल काढणार असाल तर त्याचा पॅच आधीच, कारण ते मॉड्यूल सापडलं नाही तर वी बूटच होत नाही. मग मल्टीमीटर घेऊन प्रत्येक व्होल्टेज लाइन आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजून कागदावर लिहून ठेवा. कापल्यावर कडेला तांब्याचे थर एकमेकांना चिकटतात, डोळ्याला काही दिसत नाही पण शॉर्ट असतो, म्हणून बारीक पॉलिश पेपरने कड घासायची, परत मोजायचं, आकडा आधीच्या जवळ येईपर्यंत घासायचं, आणि तोपर्यंत करंट द्यायचा नाही. मास्क लावूनच घासा, ती फायबरग्लासची धूळ आहे. बोर्ड ४ लेयरचे आणि ६ लेयरचे दोन्ही येतात, पहिल्यांदा करत असाल तर ४ लेयरचा घ्या, तो कापायला सोपा जातो.

वीची कमजोर बाजूही सांगायला हवी. रिमोट हलवून खेळायचे गेम हातातल्या स्क्रीनवर जमत नाहीत, रिमोट हलवायचा की स्क्रीन बघायची. त्यामुळे प्रत्यक्षात तो गेमक्यूबचा हँडहेल्डच होतो, आणि वीचे क्लासिक कंट्रोलरवर चालणारे मोजके गेम वरचा बोनस. तुमचा जीव वी स्पोर्ट्समध्ये अडकला असेल तर हा खटाटोप तुमच्यासाठी नाही.

बाकीचे पटकन. मूळ गेमक्यूब कापण्यात मला अर्थ दिसत नाही, तेच गेम वी चालवतो. सेगाच्या ड्रीमकास्टला व्हीजीएवर (कॉम्प्युटर मॉनिटरच्या आउटपुटवर) सुंदर चित्र मिळतं आणि ड्राइव्हच्या जागी जीडीईएमयू (मेमरी कार्डवरून गेम देणारा बोर्ड) बसतो, पण तो तापतो, पहिल्या प्रोजेक्टला नको. पीएस वनचा (सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या छोट्या मॉडेलचा) बोर्ड मुळातच छोटा आणि ७.५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा, पण डिस्क फिरवायचीच असेल तर हँडहेल्डची जाडी कमी होत नाही आणि चालताना धक्का बसला की लेझर अडखळतो.

मग इम्युलेशन. हे मी कमी लेखत नाही. तयार हँडहेल्डमध्ये स्लीप मोड असतो, कुठेही सेव्ह करता येतं, वजन कमी, आणि पीएस वनपर्यंतचे गेम स्वस्तातली चिपसुद्धा आरामात ओढते. एन६४ ला चिप कमजोर असली की काही गेम मस्त आणि काहींत आवाज फाटतोय, चित्र तुटतंय असं होतं, आणि गेमक्यूबला तर दमदार चिपच लागते. रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) घालून स्वतः डबा बनवणं हा मधला रस्ता. त्यातल्या झिरो २ डब्ल्यू मध्ये ४ कोर आहेत पण रॅम फक्त ५१२ एमबी, तेव्हा १६-बिट कन्सोल आणि पीएस वन एवढीच अपेक्षा ठेवा. मात्र सोल्डरिंग, स्क्रीन, बॅटरी, बटणं हे सगळं इथे शिकायला मिळतं आणि काही जळलं तरी त्याचा पार्ट नवा मिळतो, म्हणून सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलं नसेल तर मी याच रस्त्याने पाठवेन.

बॅटरीचा हिशेब कुठल्याही पर्यायाला सारखाच. चांगला १८६५० सेल (गोल, लांबट लिथियम सेल) साधारण ३.७ व्होल्ट आणि ३.४ अँपिअर-अवर, म्हणजे साडेबारा वॅट-अवर, तसे ४ लावले तर ५०. समजा बोर्ड, स्क्रीन, फॅन, आवाज मिळून १२ वॅट खातायत आणि व्होल्टेज बदलताना दहा-पंधरा टक्के वाया जातायत, तर साडेतीन तास धरा. सेलचंच वजन २०० ग्रॅमच्या आसपास जातं, त्यामुळे केस डिझाइन करताना ते दोन्ही हातांखाली विभागून ठेवा, एका बाजूला कोंबलेत तर अर्ध्या तासात मनगट भरून येतं. प्रोटेक्शन सर्किट असल्याशिवाय लिथियम सेल जोडायचाच नाही, लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल तर नाहीच. केस बंद करण्याआधी पूर्ण चार्ज, पूर्ण डिस्चार्ज असं समोर बसून एकदा करा, मध्येमध्ये सेलला हात लावून बघा, गरम लागला तर तिथेच थांबून कारण शोधा.