१९६७ ची पॉन्टिॲक जीटीओ: आठ महिने आणि २,६०० मैलांनंतर

मिशिगनमध्ये जीटीओसारख्या जुन्या, ताकदवान अमेरिकन गाडीचा मोसम एप्रिल ते नोव्हेंबर. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडलं की गाडी आत. या गाडीचा असा एक पूर्ण मोसम झाला, काटा २,६०० मैल पुढे गेला. दोन दारांची हार्डटॉप (खिडक्यांमध्ये मधला खांब नसलेली), ४०० क्यूबिक इंचाचं म्हणजे साडेसहा लिटरचं व्ही-८ इंजिन, ३३५ हॉर्सपॉवर, टर्बो ४०० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डेट्रॉइट परिसरात मोटार कंपन्यांत नोकरीला असलेली मराठी मंडळी बरीच आहेत आणि त्यातल्या अनेकांच्या मनात अशी एक गाडी असते. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी निकाल सांगून टाकतो: घेण्यासारखी आहे. साठीला आली म्हणून ही गाडी त्रास देत नाही. त्रास होतो तो तीन गोष्टींनी: आजचं पेट्रोल, आजचं ऑइल आणि महिनोन्‌महिने एका जागी उभं राहणं. या तिन्हींची सोय लावली की ती अगदी शहाण्यासारखी वागते.

१९६७ चंच मॉडेल का, तर रोज चालवण्याच्या दृष्टीने त्या पहिल्या पिढीतलं तेच सगळ्यात सोयीचं. १९६६ पर्यंत ऑटोमॅटिकला दोनच गिअर होते, १९६७ ला तीन गिअरचा टर्बो ४०० आला. ब्रेकचा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा झाला, पुढे डिस्क ब्रेकचा पर्याय मिळू लागला, स्टिअरिंगचा दांडा धडकेत दुमडणारा झाला. तीन कार्बोरेटरची ट्राय-पॉवर मात्र गेली आणि तिच्या जागी एकच रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर आला. ट्राय-पॉवरचे चाहते हळहळतात. पण तीन कार्बोरेटर एका सुरात लावत बसण्यापेक्षा एक क्वाड्राजेट नीट बांधणं केव्हाही बरं.

चालवायला कशी आहे? टॉर्क ४४१ फूट-पाउंड, तोही ३,४०० आरपीएमला, त्यामुळे सिग्नलवरून निघताना ॲक्सिलरेटर नुसता टेकवला तरी पुरतो. ३.३६ च्या डिफरन्शियलवर ६५ मैलांच्या वेगाला इंजिन २,८०० च्या आसपास फिरतं. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर) नाही, तेव्हा फ्रीवेवर तासन्‌तास चालवण्याची ही गाडी नव्हे. ॲव्हरेज गॅलनला ११ ते १३ मैल, आपल्या भाषेत लिटरला पाच किलोमीटर.

विकत घेण्याआधी कागद. यात घाई केली तर बाकी सगळी मेहनत वाया. १९६७ च्या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, डॅशवर नसतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर बिजागरीच्या खांबावर जी पट्टी दिसते, तिच्यावर असतो. आकडा २४२ ने सुरू झाला तर गाडी जन्मजात जीटीओ. २३७ असेल तर ती पॉन्टिॲकचीच साधी लेमान्स, २३३ किंवा २३५ असेल तर टेम्पेस्ट, मग वर कितीही बिल्ले लावलेले असोत. पुढचे १७ म्हणजे हार्डटॉप, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, ०७ म्हणजे मधला खांब असलेली कूपे. त्यानंतरचा ७ हे साल, आणि पी म्हणजे पॉन्टिॲक शहरातला कारखाना. पट्टीचे रिव्हेट आणि भोवतालचा रंग भिंगाखाली बघा. पाना-छिन्नीचे ओरखडे दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग इंजिन. उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या खाली ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर दोन अक्षरं ठोकलेली असतात. ३३५ हॉर्सपॉवर आणि ऑटोमॅटिक असेल तर वायएस, मॅन्युअलला डब्ल्यूटी. ३६० हॉर्सपॉवरच्या एचओ (जास्त ताकदीच्या) इंजिनाला मॅन्युअलवर डब्ल्यूएस, ऑटोमॅटिकवर वायझेड. त्याच जागी इंजिनाचा स्वतःचा क्रमांकही असतो. व्हीआयएनचे आकडे ब्लॉकवर ठोकायला १९६८ पासून सुरुवात झाली, म्हणून १९६७ ला हा क्रमांकच पुरावा. तो कशाशी जुळवायचा? पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, म्हणजे पीएचएस, व्हीआयएनवरून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत देते. त्यात इंजिन क्रमांक, रंग, सीट आणि एकेक ऑप्शन नोंदलेला असतो. ही प्रत हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये. शेवटची खूण ब्लॉकच्या मागे, डिस्ट्रिब्युटरजवळ (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग): ओतकामाची तारीख. बी १४७ म्हणजे १४ फेब्रुवारी १९६७. फायरवॉलवरच्या बॉडी प्लेटवर ०३ए असेल तर बॉडी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे हिशोब बसला. इंजिनाची तारीख बॉडीच्या नंतरची निघाली तर इंजिन बदललेलं आहे. बदललेलं इंजिन वाईट नसतं, पण किंमत त्याप्रमाणे द्यावी.

आता पेट्रोल. या इंजिनावर ६७० नंबरचे हेड येतात, कॉम्प्रेशनचं प्रमाण कागदोपत्री १०.७५ ला १. तेव्हाचं प्रीमियम पेट्रोल जोरकस होतं. आज पंपावरचं ९३ ऑक्टेन टाकूनही गरम दिवसात, चढावर, ॲक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हे नॉकिंग. दुर्लक्ष केलं तर पिस्टनच्या रिंगांमधले कडे तुटतात. पहिला उपाय ठिणगीचं टायमिंग तपासणं: इंजिन गरम, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद, आयडलला टीडीसीआधी (पिस्टन सगळ्यात वर पोचण्याआधी) ६ अंश. एवढ्याने भागलं नाही तर थोडं मागे घ्यायचं. तरी आवाज राहिला तर जाड हेड गॅस्केट किंवा सत्तरच्या दशकातले कमी कॉम्प्रेशनचे हेड बसवतात. तसं केलंत तर ६७० चे हेड ऑइल लावून, गुंडाळून, गाडीसोबतच ठेवा. असे बंद चेंबरचे हेड ४०० च्या इंजिनाला फक्त १९६७ ला आले.

त्याच पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं. टाकीजवळचे आणि पंपाजवळचे रबरी होज पहिल्याच आठवड्यात बदलावेत, तेही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच. यावर काटकसर करू नका. गरम मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या नळकांड्यांवर) पेट्रोल ठिबकलं तर गाडी जळते.

ऑइलचं दुखणं वेगळं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर सपाट तळाचे लिफ्टर घासत चालतात आणि त्यांना झिंक-फॉस्फरसचा थर लागतो. आजच्या गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या ऑइलमध्ये फॉस्फरसची मर्यादा ८०० पीपीएम. इथे १,००० ते १,२०० हवं. क्लासिक गाड्यांसाठीचं १०डब्ल्यू-४० मिळतं, फिल्टरसह ६ क्वार्ट लागतं. चुकीच्या ऑइलवर कॅमचा एखादा उंचवटा झिजून सपाट होतो, टकटक सुरू होते, आणि ते लोखंडाचं पीठ बेअरिंगांत जाऊन बसतं.

कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन कधी बदलली याची पावती नसेल तर बदललीच नाही असं धरून चाला. कारखान्यातून आलेल्या कॅमच्या चाकाचे दात नायलॉनचे. उष्णतेने ते पिवळे, ठिसूळ होतात, तुकडे ऑइल पॅनमध्ये पडतात आणि पंपाची जाळी तुंबते. चेन बदलताना पॅन उतरवून जाळी बघायलाच हवी. नाहीतर अर्धं काम.

पॉन्टिॲक गरम होते अशी तक्रार नेहमी येते आणि लोक आधी मोठा रेडिएटर घेतात. त्याआधी वॉटरपंप काढा. पंपाच्या मागे, टायमिंग कव्हरच्या तोंडावर पत्र्याची एक दुभाजक प्लेट असते. पंपाच्या आतल्या पंख्याची पाती आणि ही प्लेट यांच्यात फट जास्त राहिली तर पाणी पुढे ढकललंच जात नाही, तिथल्या तिथे घुसळत राहतं. मोजायची पद्धत साधी: प्लेटवर तीन-चार ठिकाणी खेळण्यातल्या मऊ मातीच्या (क्ले) वाटाण्याएवढ्या गोळ्या चिकटवायच्या, जुनं गॅस्केट ठेवून पंप हाताने आवळायचा, परत उघडायचा. दबलेल्या गोळीची जाडी म्हणजे फट. १/१६ इंचापेक्षा जास्त भरली तर प्लेट लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून पंख्याच्या दिशेने आणायची, पण पातं घासता कामा नये. गंजून चाळण झालेली प्लेट सरळ बदलावी. नवा पंप घेताना आठ बोल्टचा घ्या. १९६९ पासूनचा अकरा बोल्टचा इथे बसत नाही. ॲल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरवरही नजर टाका. आतून सुईएवढी भोकं पडली की कूलंट ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसतो.

क्वाड्राजेटची बदनामी जितकी होते तितका तो वाईट नाही. खरं दुखणं तळातल्या वेल प्लगचं, म्हणजे भोकं बंद करणाऱ्या बुचांचं. ते गळले की रात्रभरात पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये झिरपतं आणि सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. कार्बोरेटर उघडलाच आहे तर हे प्लग इपॉक्सीने बंद करून घ्यावेत.

पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायची घाई करू नये, कारण जीएमच्या डिस्ट्रिब्युटरला छोटी पत्र्याची खिडकी असते. इंजिन चालू ठेवून ती वर सरकवायची, १/८ इंचाची ॲलन की घालून स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. इंजिन अडखळायला लागलं की अर्धा फेरा मागे. मीटर लावलात तर ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, ३० अंशांच्या आसपास दाखवतो. इतकं सोपं समायोजन नंतरच्या गाड्यांत कुठे राहिलं!

ऑटोमॅटिकमध्ये एकच गोष्ट लक्षात ठेवा. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होतंय, पण खाली थेंब नाही, असं झालं तर इंजिन उघडू नका. गिअरबॉक्सवरच्या व्हॅक्युम मॉड्युलेटरचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं. स्वस्त भाग आहे. नळी काढा, आत ऑइल दिसलं तर निदान पक्कं. मागच्या मेन बेअरिंगचं सील दोरीचं, त्यामुळे जमिनीवर एखादा थेंब पडणारच, त्याची चिंता नको.

चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम असतील तर उतारावर दोन-तीनदा जोरात दाबल्यावर ब्रेक हलके पडतात. मूळपणाचा आग्रह मला मान्य आहे, पण ब्रेकच्या बाबतीत नाही. पुढे डिस्क बसवा, ड्रम जपून ठेवा.

गंज पाहताना मागच्या काचेच्या खालची खाच सगळ्यात आधी. तिथे पट्टीखाली पाणी साचतं, मग ते डिकीत उतरतं. डिकीची फरशी, मागच्या चाकामागचे खालचे कोपरे, बॉडी माउंट, मागच्या ॲक्सलवरची चासी, या सगळ्या ठिकाणी चुंबक फिरवा. न चिकटला तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. छतावर व्हिनाइल असेल तर कडा बोटाने दाबून बघा. करकर वाजलं तर पत्रा गेला. बदली पत्रे सहज मिळतात, पण नव्याची घडी आणि कडा मूळ पत्र्यासारखी बसेलच असं नाही, म्हणून वाचणारा मूळ पत्रा वाचवावा.

मिशिगनची हिस्टॉरिक नंबरप्लेट २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला मिळते. क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं, मिरवणुका अशाच कामांसाठी चालवायची. ऑगस्टमध्ये मात्र मुभा असते आणि वुडवर्ड ड्रीम क्रूझही तेव्हाच. विमा गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घ्या.

थंडीत ठेवताना टाकी पूर्ण भरून स्टॅबिलायझर टाका, दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोचतो. ऑइल आधी बदला, काळं ऑइल बेअरिंगांवर चार महिने ठेवू नका. सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल कोंबा, उंदीर शिरत नाहीत. आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याची सवय सगळ्यात घातक, कारण आतली वाफ जळत नाही, साठते. वसंतात पहिल्यांदा सुरू करताना स्टील वूल काढा, कॉइलची वायर काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सिरिंजने वरच्या व्हेंटमधून कार्बोरेटरच्या वाटीत थोडं ताजं पेट्रोल सोडा, वायर लावा आणि चावी फिरवा.